आधी बाळ गमावल्यानंतर पुन्हा दिवस गेलेत: नावाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझं पहिलं बाळ नवव्या आठवड्यात गेलं. दुसरं एकतिसाव्या आठवड्यात, ठोके थांबून. तिसऱ्यांदा दिवस गेले तेव्हा घरात कुणी नावाचा विषय काढला की मी उठून आत जायचे. ती मुलगी आता सहा वर्षांची आहे.

गेल्या काही वर्षांत ओळखीतल्या आणि ओळखीच्या ओळखीतल्या बायकांचे फोन येतात. तपासण्या आणि इंजेक्शनांबद्दल त्यांच्या डॉक्टर सांगतातच. नावाबद्दलचं मात्र कुणाला विचारायचं हे कळत नाही, विचारलं तर 'आत्तापासून कशाला' असं ऐकून घ्यावं लागतं, म्हणून मला विचारतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न आणि मी देत आलेली उत्तरं इथे लिहिली आहेत. मी डॉक्टर नाही. वैद्यकीय आणि सरकारी माहिती खात्री असेल तेवढीच दिली आहे.

जन्माआधी नाव ठरवलं तर नजर लागते का?

नाही लागत. हा प्रश्न सगळ्यात जास्त वेळा येतो आणि बहुतेक वेळा कुजबुजत विचारला जातो, म्हणून सविस्तर सांगते.

पहिल्या तीन महिन्यांत जे गर्भपात होतात, त्यांतल्या साधारण निम्म्यांमागे गर्भाच्या गुणसूत्रांमधला दोष असतो. तो बीज फळतानाच किंवा त्यानंतरच्या एक-दोन दिवसांत घडून गेलेला असतो, म्हणजे आपली पाळी चुकायच्याही आधी. नंतरच्या महिन्यांत बाळ गेलं तर वारेचं काम नीट न होणं, वाढलेला रक्तदाब, जंतुसंसर्ग, बाळातला एखादा जन्मजात दोष अशी कारणं असतात आणि कधी कधी सगळ्या तपासण्या करूनही कारण हाती लागत नाही. कुणी मनात ठरवलेलं नाव, आणून ठेवलेलं झबलं, मैत्रिणीला लवकर सांगितलेली बातमी यांतलं काहीही त्या यादीत नाही. मला हे कळायला दोन वर्षं लागली. दुसऱ्या वेळी आम्ही सातव्या महिन्यातच नाव पक्कं केलं होतं आणि त्यानंतर कितीतरी दिवस मी त्या नावालाच दोष देत होते.

मग आपल्याकडे आधी नाव न ठेवण्याची रीत का पडली? 'तीन महिने कुणाला सांगू नको', पाचव्या महिन्यात गुपचूप भरायची चोरओटी, पाचवीला सटवाईची पूजा आणि मग बाराव्या दिवशी बारसं, हे सगळं एका धाग्यातलं आहे. १९७१ साली देशात जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी १२९ बाळं वर्षाच्या आत दगावत होती. त्याआधीच्या काळात हे प्रमाण याहून वाईट होतं. माझ्या आजीची नऊ बाळंतपणं झाली, जगली पाच मुलं. ज्या घरांत दर दोन-तीन वर्षांनी हे सोसायला लागत होतं, त्या घरांनी नाव देण्याचा दिवस पुढे ढकलला. त्या बायकांना स्वतःला सावरायला तेवढीच एक गोष्ट हातात होती. २०२० च्या नोंदींत हाच आकडा देशासाठी २८ आणि महाराष्ट्रासाठी १६ आहे. म्हणून सासूबाई किंवा आई 'आधी नाव नको' म्हणाली तर त्यामागे तिने पाहिलेलं काहीतरी असतं. तिचं म्हणणं कारण म्हणून खरं नसेल, पण तिची भीती खरी आहे, एवढं धरून बोललं की भांडण होत नाही.

आणि हे सगळं पटूनही मनातून भीती जात नसेल, तर नाव ठरवा आणि मोठ्याने बोलू नका. आमच्या घरी नवऱ्याने दोन नावं दूधवाल्याच्या बिलामागे लिहिली, चिठ्ठीची घडी केली आणि तांदळाच्या डब्यात खाली सरकवून ठेवली. ती तिथे आहे हे दोघांना माहीत होतं. रोज भात लावताना माझा हात तिला लागायचा.

मला नावाचा विचारच करवत नाही. या बाळावर माझं प्रेम नाही का?

आहे. ज्या बाईला प्रेम नसतं तिला हा प्रश्न पडत नाही.

एकदा पोळलेलं मन पुन्हा जीव लावताना थांबून थांबून लावतं. मी चौतिसाव्या आठवड्यापर्यंत एकही नावांची यादी उघडली नव्हती. डॉक्टरांशी बोलतानाही 'बाळ' न म्हणता 'यावेळचं' म्हणायचे. कुणी डोहाळजेवणाचं नाव काढलं की पोटात गोळा यायचा. मुलगी झाल्यावर पहिल्या तासात हे सगळं नाहीसं झालं असं मी म्हणणार नाही, आठवडे गेले. पण झालं.

तोवर नाव नको वाटत असेल तर पोटातल्या बाळाला नुसती हाक ठेवा. पिल्लू, चिमणी, सोनं, काहीही. ही हाक कागदावर जात नाही, ती फक्त घरातल्या दोन माणसांची असते. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने प्रत्येक तपासणीच्या दिवशी परतीच्या वाटेवर जे फळ गाडीवर दिसेल त्याची हाक त्या महिन्यापुरती ठेवली. त्यांची लेक सीताफळाच्या दिवसांत जन्मली आणि घरात तिला अजून सीता म्हणतात.

मग नाव नक्की कधी ठरवायचं?

असा ठरलेला आठवडा नाही. काहींना सहा-सात आठवड्यांच्या सोनोग्राफीत ठोके दिसले की बोलावंसं वाटतं. काही जणी अकरा ते चौदा आठवड्यांतल्या तपासणीपर्यंत थांबतात, काही अठरा ते वीस आठवड्यांच्या मोठ्या सोनोग्राफीपर्यंत. ज्यांचं आधीचं बाळ उशिरा गेलं, त्यांना तो आठवडा ओलांडल्याशिवाय काहीच सुचत नाही. मला एकतिसावा संपल्यावरही तीन आठवडे लागले.

सरकारी बाजूने घाई अजिबात नाही, हे मुद्दाम सांगते, कारण दवाखान्यात डिस्चार्जच्या गडबडीत कुणीतरी फॉर्म पुढे करतं आणि आपण गोंधळून काहीतरी लिहून मोकळ्या होतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ चा आहे. त्यानुसार जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत व्हायला हवी आणि दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर ती माहिती दवाखानाच कळवतो. बाळाच्या नावाचा रकाना मात्र कोरा ठेवता येतो. नोंदणीनंतर बारा महिन्यांच्या आत नाव विनाशुल्क घालता येतं आणि त्यानंतरही पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. एकदा लिहिलेलं नाव बदलणं मात्र किचकट काम आहे. म्हणून मनाची तयारी नसेल तर रकाना रिकामा सोडा. फक्त तो वर्षभरात भरायची आठवण ठेवा, कारण १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून पुढच्या बऱ्याच कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा पुरावा आहे.

गेलेल्या बाळासाठी ठरवलेलं नाव या बाळाला द्यावं का?

यावर मी बरीच अडखळले होते, त्यामुळे माझं मत सरळ सांगते आणि नंतर त्याच्या विरुद्ध बाजूचंही.

आधी एक फरक बघा. पहिल्या वेळी, नवव्या आठवड्याच्या आधी, आम्ही चहा पिताना दोन-चार नावं बोललो होतो. ती कुणाची झाली नव्हती. ती नुसती आम्हाला आवडलेली नावं होती. तसं नाव पुढच्या बाळाला द्यायला काहीच हरकत नाही. दुसऱ्या वेळचं वेगळं होतं. त्या मुलीला मी पाहिलं, दुपट्यात गुंडाळून वीस मिनिटं मांडीवर घेतलं आणि तिला त्या नावाने हाक मारली. ते नाव तिचं झालं. तिसऱ्या वेळी एका मावशीने मायेनेच सुचवलं की 'तेच नाव ठेव, तीच परत आली समज'. मला ते ऐकवलं नाही. जी आली ती वेगळी आहे. तिला दुसऱ्या कुणाची जागा भरायची नाही.

चित्रकार व्हिन्सेंट व्हॅन गॉग ३० मार्च १८५३ ला जन्मला. त्याच्या बरोबर एक वर्ष आधी, ३० मार्च १८५२ ला, त्याच्या आईला मृत मुलगा झाला होता आणि त्याचंही नाव व्हिन्सेंटच होतं. त्या काळी युरोपातल्या घरांत हे सर्रास चाले. पण स्वतःचं नाव आणि स्वतःची जन्मतारीख असलेली कबर गावच्या चर्चजवळ आहे हे कळत्या वयात समजणं, माझ्या मुलीच्या वाट्याला यावं असं मला वाटलं नाही.

आता दुसरी बाजू. आपल्याकडे गेलेल्या माणसाचं नाव घरात पुन्हा ठेवण्याची रीत जुनी आणि मानाची आहे. शिवाजी महाराजांचे थोरले भाऊ संभाजीराजे कनकगिरीच्या लढाईत पडले. १४ मे १६५७ ला पुरंदरावर महाराजांना मुलगा झाला, त्याचं नाव संभाजी ठेवलं. आजोबांचं नाव नातवाला देणारी घरं अजून आहेत. पण यात एक पिढी मध्ये असते. आपल्या आयुष्याचं काहीतरी करून गेलेल्या माणसाचं नाव पुढे चालतं. जे बाळ जगलंच नाही, त्याच्यापाशी नाव सोडून दुसरं काही नाही. ते त्याच्याकडेच राहू द्यावं असं माझं मत. तरीही एखाद्या आईला तेच नाव ठेवून शांत वाटत असेल तर तिला चूक म्हणायचा अधिकार मला नाही. फक्त नवरा-बायको दोघांना ते मनापासून हवं असावं. एकाने गप्प बसून मान्य केलेलं नाव पुढे टोचत राहतं.

मधली वाट हवी असेल तर ती आहे. आधीच्या नावाचं पहिलं अक्षर घ्या. किंवा अर्थाने जवळचं नाव घ्या: आधीची उषा असेल तर ही अरुणा, आधीचा अंकुर असेल तर ही पालवी. बाहेरच्या कुणाला कळत नाही. आपल्याला कळतं.

जे बाळ गेलं, त्याला आता इतक्या दिवसांनी नाव देता येईल का?

येतं. त्याला तारखेचं बंधन नाही.

कायद्याची गोष्ट अशी की अठ्ठावीस आठवडे किंवा त्याहून अधिक काळ वाढलेलं बाळ पोटातच गेलं तर त्याची मृत जन्म म्हणून नोंद होते. जन्मल्यावर बाळाने एक श्वास जरी घेतला, तरी तो जिवंत जन्म धरला जातो आणि जन्म व मृत्यू अशा दोन्ही नोंदी होतात. अठ्ठावीस आठवड्यांच्या आत पोटातच गेलेलं बाळ सरकारी वहीत येतच नाही. ज्या आईचं बाविसाव्या आठवड्यात बाळ गेलं तिच्या हातात एका डिस्चार्ज कार्डाशिवाय काही राहत नाही. आणि म्हणूनच घरात नाव देणं तिला महत्त्वाचं वाटू शकतं.

'बारसं झालं नाही म्हणजे नाव नाही' असं घरातली मोठी माणसं म्हणतात. त्यांच्याशी वाद घालू नका. तुम्ही देवघरातल्या वहीत लिहा, कुंडीत झाड लावा आणि त्या झाडाला त्या नावाने हाक मारा, किंवा नुसतं दोघांनी मिळून एकदा मोठ्याने म्हणा. जगभर १५ ऑक्टोबरला पोटात आणि जन्मानंतर लगेच गेलेल्या बाळांची आठवण म्हणून संध्याकाळी सातला मेणबत्ती लावतात. आम्ही त्या दिवशी तुळशीपाशी एक पणती जास्त लावतो. मुलगी विचारते, तेव्हा ताईसाठी म्हणून सांगतो.

मुलगा की मुलगी हे कळलंच नसेल तर? पहिल्या बाळाच्या बाबतीत आम्हालाही कळलं नव्हतं. त्याला आम्ही किरण म्हणतो.

सासूबाई म्हणतात, मूल जगायला हवं असेल तर वाईट नाव ठेवा. धोंडू, दगडू, केरबा. खरंच तसं करावं का?

ही नावं ऐकून हसू नका एवढी विनंती. त्यांच्यामागे ज्या आया होत्या त्या तुमच्या-माझ्यासारख्याच होत्या.

एकामागून एक मुलं गेली की पुढच्या मुलाचं नाव दगडू किंवा धोंडू ठेवायचं. काळाला वाटावं, हा दगड आहे, याला काय न्यायचं. किंवा दगडासारखं टिकावं म्हणून. काही घरांत बाळ जन्मल्यावर सुपात घालून केरावर ठेवत आणि शेजारीण ते उचलून आणून 'मला सापडलं, घेतेस का' म्हणून आईला मूठभर कण्यांच्या बदल्यात विकत देई. त्याचं नाव केरू, केरबा, कचरू, उकिर्डा. भीक मागून आणलं असं दाखवायचं असेल तर भिकू, भिकाजी, भिकाबाई. मुलाचं नाक टोचून त्यात नथ घालायची, म्हणजे मुलगी समजून नजर लागणार नाही, आणि मग तो नथू. हे सगळं एकाच काकुळतीने केलेलं आहे: याला आमचं म्हणू नका, पण याला राहू द्या.

बारशाला आजही पाळण्यात आधी वरवंटा घालतात, त्याला टोपरं-दुपटं चढवून. बाळ त्याच्यासारखं टणक व्हावं म्हणून. मला ती रीत फार आवडते. त्यात जुन्या भीतीचा अंश आहे आणि बाळाच्या कपाळी काही चिकटत नाही.

नावाचं तसं नसतं, ते आयुष्यभर राहतं. काळाला फसवायला ठेवलेलं नाव शाळेच्या हजेरीत रोज पुकारलं जातं. याच्याच शेजारी दुसरी एक फार वेगळी आणि वाईट रीत होती, ती विसरू नये: मुलगी नको होती म्हणून तिचं नाव नकुसा ठेवायची. ऑक्टोबर २०११ मध्ये सातारा जिल्ह्यात अशा २८५ मुलींना समारंभाने नवी नावं दिली गेली. त्या मुलींपैकी बऱ्याच जणींनी नवं नाव स्वतः निवडलं.

तेव्हा सासूबाईंना सांगा की घरात पाळण्यातलं नाव म्हणून तुम्ही काय हवं ते म्हणा, कागदावर आम्ही ठरवू. माझ्या सासूबाई माझ्या मुलीला सव्वा महिना 'धोंडी' म्हणायच्या. कुणी नसताना, कानाशी. मी कधी थांबवलं नाही.

नवस बोललो होतो. मग देवाचंच नाव ठेवायला हवं का?

नवसात नाव बोलला असाल तर ते फेडल्याशिवाय चैन पडणार नाही, हे मी समजू शकते. आणि ही परंपरा मोठ्या घरांतली आहे. मालोजीराजे भोसले यांना फार वर्षं मूल नव्हतं, अहमदनगरच्या शाह शरीफ पिराला नवस केल्यावर दोन मुलगे झाले आणि म्हणून त्यांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं बखरी सांगतात. शिवाजी महाराजांचं नाव शिवनेरीवरच्या शिवाईवरून आलं असंही परंपरा सांगते. जेजुरीच्या नवसाचे खंडेराव आणि मल्हारी, तुळजापूरच्या नवसाचे अंबादास, गाणगापूर-वाडीच्या नवसाचे दत्तात्रय आणि गुरुदास, अशी माणसं प्रत्येक गावात भेटतील.

नवस नुसता 'मूल दे' असा असेल आणि नावाचं काही बोलला नसाल, तर नावाने बांधलेले नाही आहात. प्रसाद, कृपा, अनुग्रह अशी नावं देवाची आठवण ठेवतात आणि हलकी राहतात. दोन नावं ठेवायची सोयही आपल्याकडे आहेच: पाळण्यातलं देवाचं, व्यवहारातलं वेगळं.

मुलगा-मुलगी माहीत नसताना नाव कसं शोधायचं?

दोन्ही शोधा. १९९४ च्या कायद्यानुसार गर्भलिंग सांगणं आणि विचारणं दोन्ही गुन्हा आहे, आणि तो नियम का करावा लागला हे वरच्या नकुसांवरून कळतं. डोहाळजेवणात पेढा की बर्फी हा खेळ खेळा, त्यापलीकडे जाऊ नका. घरात फक्त मुलांचीच नावं निघत असतील तर तिथल्या तिथे एक मुलीचं नाव बोलून टाका. एकच नाव हवं असेल तर किरण, स्नेहल, शीतल ही नावं आपल्याकडे दोघांचीही असतात.

या बाळाच्या नावात आमच्या वाट बघण्याचा अर्थ यावा असं वाटतं. कोणती नावं चांगली?

मला आवडणारी काही सांगते. पुनर्वसू: सत्तावीस नक्षत्रांपैकी एक, 'पुन्हा लाभलेलं तेज, धन' असा अर्थ. निशांत: रात्र संपते ती वेळ. अक्षता: अखंड, न मोडलेली. पालवी आणि पल्लव. उन्मेष. अभय. अमेय. आयुष. ओजस. प्राजक्ता, जो रोज झडतो आणि रोज फुलतो. श्रावणी, ऊनपावसाच्या महिन्यातली. आधी नुकसान झाल्यावर आलेल्या बाळाला हल्ली रेनबो बेबी, म्हणजे पावसानंतरच्या इंद्रधनुष्यासारखं बाळ, म्हणतात. तो अर्थ मराठीत आणायचा तर श्रावणी इतकं नेमकं नाव दुसरं नाही.

एक सांभाळा. मृत्युंजय, चिरंजीव, संजीवनी ही नावं सुंदर आहेत, पण मुलाला मोठेपणी 'माझं नाव असं का' हा प्रश्न पडतो आणि उत्तर आपल्याला द्यावं लागतं. आपलं दुःख त्याच्या नावात किती घालायचं ते मोजून घाला. नाव उच्चारल्यावर आधी हे बाळ डोळ्यांसमोर आलं पाहिजे. आधीचं आलं, तर ते नाव बाजूला ठेवा. मी चार नावं अशीच काढून टाकली.

इंटरनेटवरच्या याद्यांवर विसंबू नका. कुठलंही नाव 'संस्कृतमध्ये देवीचं नाव' म्हणून दिलेलं असतं. 'कियारा' संस्कृत नाही, तरी असंख्य याद्यांत तसं लिहिलेलं सापडतं. आपटे यांचा १८९० चा संस्कृत कोश आणि मोल्सवर्थचा मराठी कोश दोन्ही आता मोफत, फोनवर बघता येतात. पाच मिनिटं लागतात.

जन्माक्षर, नक्षत्र यांचं काय?

नक्षत्रावरून येणारं अक्षर जन्मवेळेवर ठरतं. सत्तावीस नक्षत्रं, प्रत्येकाचे चार चरण, म्हणजे १०८ अक्षरं. रोहिणीला ओ, वा, वी, वू, मघेला मा, मी, मू, मे. त्यामुळे ते आधी ठरवणं शक्यच नाही. मानत असाल तर नावरस नाव म्हणून पत्रिकेत ठेवा. मात्र आधीची बाळं 'अक्षर चुकल्याने' गेली असं कुणी ज्योतिषी म्हणाला, तर तिथून उठा. ती बाळं नाव मिळण्याआधी गेली होती.

लोक विचारतात, 'नाव ठरवलं का?' काय सांगू?

'आत्याला विचारा, तिचा मान आहे.' या एका वाक्याने माझे पाच महिने निघाले. नणंदेला मात्र आधी सांगून ठेवा, आणि खरोखर तिला मान द्या.

नवरा नावाबद्दल बोलतच नाही.

त्याचंही बाळ गेलंय, आणि त्याला बहुधा कुणी विचारलेलं नाही. दवाखान्यात कागदांवर सह्या त्याने केल्या, बाळाला घेऊन तो गेला. समोरासमोर बसून 'बोल ना' म्हटल्याने पुरुष बोलत नाहीत असा माझा अनुभव आहे. गाडीवर मागे बसून किंवा अंधारात पडल्यावर विचारा. किंवा कागद-पेन द्या. आमच्याकडे ती दूधवाल्याच्या बिलावरची चिठ्ठी हेच त्याचं सगळं बोलणं होतं.

बाळ लवकर झालं आणि पेटीत ठेवलंय. बारसं तर लांब आहे. आत्ता नाव देऊ का?

द्या. आजच द्या.

पेटीवरच्या पट्टीवर आईच्या नावापुढे 'बेबी ऑफ' एवढंच लिहिलेलं असतं. नर्सला विचारून खाली बाळाचं नाव लिहायला सांगा. बहुतेक ठिकाणी आनंदाने लिहितात आणि मग त्या नावाने बाळाशी बोलतात. पेटीच्या खिडकीतून हात घालून तुम्हीही त्या नावाने हाक मारा. पाळण्याचं बारसं घरी आल्यावर होईल. मुसलमान घरांत सातव्या दिवशीचा अकीका किंवा ख्रिस्ती घरांतला बाप्तिस्मा पुढे गेला तरी हेच. विधी थांबू शकतो, हाक थांबायची गरज नाही.

नाव कागदावर कसं लिहितात? आईचं नाव येतं का?

महाराष्ट्रात १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळांच्या सरकारी कागदपत्रांवर आधी बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव असा क्रम आहे. नाव ठरवताना हे चारही एकत्र म्हणून बघा. नऊ महिने, आणि आपल्यापैकी काहींनी त्याहून कितीतरी अधिक, जे सोसलं त्यानंतर आपलं नाव लेकराच्या नावाशेजारी छापलेलं पाहणं फार चांगलं वाटतं.

आम्ही परदेशात आहोत. तिथे काही वेगळं?

मुदती वेगळ्या असतात. इंग्लंडमध्ये जन्माची नोंद ४२ दिवसांत करायची असते, त्यामुळे बारसं करून नाव घालायला वेळ मिळतो. अमेरिकेत बहुतेक दवाखाने घरी सोडण्याआधीच नाव विचारतात, तेव्हा दोन्ही नावं तयार ठेवा. इंग्लंडमधल्या मैत्रिणींना एक माहिती उपयोगी पडेल: चोवीस आठवड्यांच्या आत गेलेल्या बाळासाठी तिथलं सरकार फेब्रुवारी २०२४ पासून, मागितल्यास, मोफत प्रमाणपत्र देतं. आणि नावात ळ किंवा ण असेल तर घाबरू नका. शाळेतल्या बाईंना दोनदा सांगितलं की तिसऱ्यांदा त्या बरोबर म्हणतात.

नावाचा विषय निघाला की छाती धडधडते, झोप लागत नाही.

आधी शरीराचं: सातव्या महिन्यानंतर बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटली तर सकाळची वाट न बघता दवाखान्यात जा. 'उगाच आली' असं कुणी म्हणेल म्हणून थांबू नका. मी चार वेळा रात्री गेले आहे.

मनाचं: डॉक्टरांना सांगा, गरोदरपणात समुपदेशन आणि गरज पडली तर चालणारी औषधंही असतात. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा सरकारी क्रमांक आहे, चोवीस तास, मोफत, मराठीत बोलता येतं. मी स्वतः समुपदेशकाकडे अकरा वेळा गेले. नावाबद्दल पहिल्यांदा मोठ्याने बोलले ते तिथेच.

बारसं मोठं करावं की साधं?

तुम्हाला जेवढी माणसं समोर सोसवतील तेवढ्यांचं. आधी गेलेल्या बाळाबद्दल 'जाऊ दे, झालं ना आता' म्हणणाऱ्यांना बोलवायची सक्ती नाही, घुगऱ्या नंतर घरी पाठवता येतात.

आमच्याकडे नऊ माणसं होती. बाराव्या दिवशी मला जमलं नाही, सव्वा महिन्याने केलं. सासूबाईंनी ताटात तांदूळ पसरायला डबा आणला, तेव्हा ती चिठ्ठी वर आली. नणंदेने ती उघडली, दोन नावांतलं मुलीचं वाचलं आणि अंगठीने तांदळात लिहिलं. पाळण्यात वरवंटा ठेवला होता, तो काढून मुलीला निजवलं. मग नणंद वाकली, तिच्या कानाशी कुर्र केलं आणि नाव सांगितलं. मुलीने डोळे उघडून बघितलं आणि पुन्हा झोपली.

ते नाव इथे लिहीत नाही. ते तिचं आहे.